मी उभं नांगरलं

जऊळका रेल्वे आणि आसपासच्या चार-पाच गावांच्या शिवारात भाड्यानं नांगरटी करणारे जे ट्रॅक्टर फिरतात, त्यांतला एक माझा. पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत मी लोकांना तीन गोष्टी ठासून सांगितल्या. उन्हाळ्यात पलटी नांगर मारल्याशिवाय पेरायचं नाही. मळणी झाली की उरलेलं कुटार आणि धसकटं पेटवून वावर मोकळं करायचं. आणि नांगराचं तास जितकं लांब, तितकी नांगरटी स्वस्त. या तिन्ही गोष्टी मी मनापासून मानत होतो. आज एकही मानत नाही. माझं ऐकून ज्यांनी तसं केलं, त्यांतले बरेच जण अजूनही तसंच करतात, म्हणून हे लिहायला बसलो.

माझं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. आमची जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि झड लागली की तीच जमीन फुगून चिबडते. अशा जमिनीत कुंदा किंवा हरळी शिरली की डवऱ्याला आणि निंदणाला दाद देत नाही; मुळं उन्हात आणून वाळवावी लागतात. किडींचे कोष मातीत दडलेले असतात, ते नांगरटीनं वर येतात आणि उन्हानं मरतात, नाहीतर बगळे वेचून खातात. हे सगळं खरं आहे. शिवाय गावात माणूस वावरावरून जोखला जातो. धुऱ्यापर्यंत साफ, काळंभोर वावर म्हणजे मेहनती माणूस. काडी-कचरा पसरलेलं वावर म्हणजे आळशी. मलाही तसंच वाटायचं. एप्रिलच्या उन्हात उलटलेली ढेकळं पाहिली की काम झाल्यासारखं वाटे.

एक कारण मात्र मी कधी उघड बोललो नाही. नांगरटी हेच माझं सगळ्यात मोठं भाडं होतं. पेरणीचे दिवस आठ-दहा, नांगरटी मार्चपासून मेअखेरपर्यंत चालते. ट्रॅक्टरचा हप्ता तिच्यावरच फिटला. ज्या कामावर घर चालत होतं, त्यात खोट असेल असा विचार मी करूच दिला नाही स्वतःला.

गावात एक मावशी आहेत. सख्ख्या नव्हेत, पण गावाच्या नात्यानं मावशी. नवरा गेल्यापासून तीन एकर त्या स्वतः करतात. वावर लांबट, रुंदी जेमतेम साठ पावलं, वरच्या बरडापासून खाली नाल्यापर्यंत उतरत गेलेलं. आमच्याकडे बरीच वावरं अशी का, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. भावाभावांची वाटणी होते तेव्हा वरची मुरमाड जमीन एकट्याच्या गळ्यात नको आणि नाल्याकाठची भारी जमीन एकट्यालाच मिळायला नको, म्हणून हिस्से उताराला आडवे न पडता उभे पडतात. प्रत्येकाला थोडी बरड, थोडी भारी. वाटणी न्यायाची होते. पण दर पिढीला पट्टी अरुंद होत जाते, आणि मग तिच्यात आडवं अवजार चालवायचं म्हटलं की साठ पावलांवर वळण घ्यावं लागतं. बैल वळत होते. ट्रॅक्टर वळवायला जागा लागते, वेळ लागतो, डिझेल लागतं.

मावशींनी मला विचारलं होतं, "आडवं नाही होत का रे बाबू? हे आडवंच पेरत होते."

मी म्हणालो, "मावशी, वळवण्यातच दिवस जाते. डिझेल तुमच्याच अंगावर येईन."

त्या गप्प झाल्या. मी वरच्या धुऱ्यापासून नाल्यापर्यंत सरळ उभं नांगरून दिलं, आणि जूनमध्ये पेरलंही उभंच.

सोयाबीन दोन पानांवर असताना एका संध्याकाळी तासभर जोराचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी मी तिकडून चाललो होतो. प्रत्येक तासाचा पाट झाला होता आणि सगळे पाट मधल्या लवणात उतरून तिथं मोठी ओघळ पडली होती. मी खाली उतरून ती पावलांनी मोजली. चाळीस पावलं, म्हणजे शंभरेक फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. मुरूम वाहणाऱ्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. तीनशे घनफूट म्हणजे तीन ब्रास, माझ्या ट्रॉलीच्या तीन खेपा. ही फक्त ओघळीतली माती. बाकी वावरावरून जो पातळ थर धुऊन गेला, तो मोजायला कुठलं माप नाही. ओघळीच्या तळाशी पिवळट मुरूम उघडा पडला होता. काठावरची रोपं मुळं लोंबकळत ठेवून तशीच हिरवी होती.

मावशी धुऱ्यावर उभ्या होत्या. नांगरटीचे पैसे त्यांनी मेमध्येच चुकते केले होते. मला काही बोलल्या नाहीत. मी गावात सांगत फिरलो की पाऊसच ढगफुटीसारखा होता, त्याला कोण काय करणार. शेजारच्या वावरात त्या पावसानं ओघळ पडली नव्हती, हे मी पाहिलं होतं. तिथं जुन्या पद्धतीनं आडवं पेरलेलं होतं. पाहूनही मी ते बोललो नाही.

पुढं केव्हातरी वाचनात आलं की १९८३ साली ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी देशभरच्या धुपीचा हिशेब मांडला होता : हेक्टरी वर्षाला सरासरी १६.४ टन माती जाते. एकरी साडेसहा टन, म्हणजे जवळपास दोन ट्रॉल्या, दर वर्षी, प्रत्येक एकरातून. आकडा टनात होता तोवर मला काही वाटलं नाही. ट्रॉलीत मांडला तेव्हा मावशींचं वावर डोळ्यापुढं आलं. आमच्या भागातलं पाणी काटेपूर्णेकडे जातं. काटा गावाजवळ उगम पावून ही नदी महानच्या धरणात जाते आणि अकोला शहर ते पाणी पितं. गढूळ पाण्याबरोबर आमची मातीही तिकडं जाते आणि तळाशी बसते. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली तेव्हा तलावातला गाळ वावरात टाकायचं काम मीही केलं, खेपेमागे पैसे घेऊन. माती जाईल असं नांगरायचे पैसे घेतले आणि माती परत आणायचेही घेतले. हे लिहिताना लाज वाटते.

मन बदललं ते मात्र आकड्यांनी नाही, पाण्याच्या दोन ग्लासांनी. पाहुण्यांच्या गावात पोकराची, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाची शेतीशाळा होती, सहज जाऊन बसलो होतो. तिथं दाखवलेला प्रयोग घरी येऊन स्वतः केला. दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरले, प्रत्येकाच्या तोंडावर चहाची गाळणी ठेवली, पाणी गाळणीत वर येईल इतपत. एका गाळणीत माझ्या वावरातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ, दुसऱ्या गाळणीत त्याच वावराच्या धुऱ्यावरचं तेवढंच ढेकूळ. दोन्ही जागांत अंतर चार हातांचं. माती एकच.

वावरातल्या ढेकळातून बुडबुडे आले, ते फुगलं, कडा सुटल्या आणि मिनिटभरात ते पिठासारखं विरघळून ग्लासात उतरलं. पाणी काळं झालं. धुऱ्यावरचं ढेकूळ जसंच्या तसं बसून राहिलं. अर्ध्या तासानं मी ते बोटांनी उचललं, तेव्हाही अखंड होतं, त्यातून गवताच्या मुळाचा एक पांढरा धागा लोंबत होता. खालचं पाणी निवळशंख.

कारण त्या धाग्यातच होतं. मुळं, बुरशीचे तंतू, गांडुळाची विष्ठा, कुजलेला पाला यांचा एक डिंक मातीचे कण धरून ठेवतो. आपण पलटी मारतो तेव्हा खालच्या मातीला एकदम हवा लागते आणि जिवाणू हा डिंक भराभर खाऊन संपवतात. आमच्याकडचं चव्वेचाळीस अंशांचं ऊन त्याला आणखी हातभार लावतं. डिंक संपलेल्या ढेकळावर मृगाचा पहिला पाऊस पडला की ते फुटतं, बारीक कण छिद्रांत बसतात, वर पापुद्रा धरतो, आणि पाणी मुरायचं सोडून पळायला लागतं. नांगरलेली जमीन पाणी जास्त पिते, असं मी शंभर वेळा सांगितलं असेल. पहिल्या एक-दोन पावसांपुरतं ते खरं असतं. पुढच्या मोठ्या पावसात काय होतं, ते मी मावशींच्या वावरात मोजून आलो होतो.

माय ओसरीत बसून हे पाहत होती. म्हणाली, "तुह्या बापानं हे वावर कितीदा नांगरलं असंन, सांग?"

मला सांगता येईना.

"माह्या डोयादेखत तीनदा. कुंदा माजला तवाच. नाहीतर वखर."

ही गोष्ट मी विसरलोच होतो. आमच्या वऱ्हाडात नांगर हे दर वर्षाचं अवजार नव्हतंच. काळ्या जमिनीत मशागत व्हायची ती वखरानं, दोन-तीन इंच वरवर खरवडून. नांगर काढायचा तो कुंदा-हरळीसाठी, कितीतरी वर्षांतून एकदा. जुन्या गॅझेटियरांतही इथलं मुख्य अवजार म्हणून वखरच नोंदलेला आहे. आजही शिफारस दर वर्षी खोल नांगरटीची नाही, दोन-तीन वर्षांतून एकदाची आहे. आम्हीच ती दर वर्षाची केली आणि वखराला मागासलेपणाची खूण ठरवलं. त्यात माझा वाटा मोठा आहे.

कुटाराचंही असंच झालं. नव्वदीच्या दशकात सोयाबीन आलं आणि ज्वारी हटली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर ढोरं कमी झाली, ढोरांबरोबर शेणखत. बैल गेले म्हणून ट्रॅक्टर आला आणि ट्रॅक्टरवाल्याला, म्हणजे मला, पुढचं वावर लवकर मोकळं हवं होतं. हडंब्याच्या, म्हणजे मळणीयंत्राच्या, तोंडाशी पडलेला कुटाराचा ढीग कोणी खायला नाही, पसरायला माणूस नाही, म्हणून आगकाडी. मी स्वतः किती ढीग पेटवले याची मोजदाद नाही.

त्या ढिगात काय जातं ते आता माहीत आहे. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाल्या, त्यानंतर मीही माती तपासून घेतली. सेंद्रिय कर्ब निघाला ०.३६ टक्के, म्हणजे कमी. तो वाढवायचा तर हिशेब असा : एका एकराच्या वरच्या अर्ध्या फूट मातीचं वजन आठ-नऊ लाख किलो. कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वर न्यायचा तरी आठशे किलोंहून जास्त कर्ब जमिनीत टिकला पाहिजे. एकरातून कुटार निघतं टनभर, त्यात कर्ब चारशे किलो, आणि त्यातलाही मोठा भाग कुजताना हवेत जातो. म्हणजे दर वर्षी सगळं कुटार जिरवलं तरी वर्षानुवर्षं लागणार. आणि मी ते अर्ध्या तासात जाळत होतो. कुटारातलं नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं, गंधकही बरंचसं जातं. सोयाबीनसारख्या तेलबियाला गंधक लागतंच. ते मी परत सुपर फॉस्फेटच्या पोत्यातून विकत आणत होतो.

सुरुवात मी स्वतःच्या दोन एकरांवर केली. नांगरटी बंद. सोयाबीन रुंद वरंब्यावर बीबीएफ यंत्रानं, उताराला आडवं, सहा ओळींमागे तूर. झड लागली तर सरीतून पाणी सावकाश निघून जातं, खंड पडला तर सरीत मुरलेलं पाणी वरंब्याला मिळतं. सोयाबीन निघालं की कुटार तुरीच्या ओळींमध्ये पसरायचं. ढीग एका जागी पडलेला असतो, तो दोन एकरांवर पसरायला दोन बायांना दोन दिवस लागले. हा खर्च खरा आहे, कोणी लपवू नये.

दुसऱ्या वर्षी त्याच कुटाराखाली वाणी झाली. काळी, गोलाकार वेटोळं करणारी ही कीड ओलाव्याला कचऱ्यात राहते आणि रात्री कोवळी रोपं कुरतडते. सकाळी जाऊन पाहिलं तर एका कोपऱ्यातल्या ओळीच्या ओळी कापून पडलेल्या. गावातले लोक पाहून गेले. त्या संध्याकाळी मी आगपेटी घेऊन वावरात गेलो होतो, हे कबूल करतो. कुटार ओलं होतं म्हणून पेटलं नाही. मग कृषी विद्यापीठ सांगतं तसं केलं : संध्याकाळी ओल्या गवताचे लहान ढीग ठिकठिकाणी ठेवायचे, सकाळी त्याखाली जमलेल्या वाणी वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. आठ दिवस घरातल्या सगळ्यांनी हेच केलं. तेवढ्या कोपऱ्यात दुबार पेरावं लागलं.

पहिल्या वर्षी उतारा एकरी दीड क्विंटलनं कमी आला आणि निंदणं दोन जास्त लागली. दुसऱ्या वर्षी नांगरलेल्या वावराच्या बरोबरीला आला. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस नव्हता. तेव्हा बाकीची सोयाबीनं दुपारी माना टाकत होती, या दोन एकरांनी पाच-सहा दिवस उशिरा टाकल्या. दाणे भरायच्या वेळी पाच-सहा दिवस म्हणजे काय, हे कोरडवाहू माणसाला सांगावं लागत नाही. दर जूनमध्ये मी ग्लासाचा प्रयोग करतो. पूर्वी मिनिटात विरघळणारं ढेकूळ आता दहा मिनिटं टिकतं. परवाच्या तपासणीत कर्ब ०.४१ निघाला. पाच वर्षांत एवढाच वाढला.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटनं १९७६ पासून आमच्यासारख्याच काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारी-शेजारी चालवल्या आहेत. एकीकडे रुंद वरंबे, पाण्याला वाट करून दिलेली, खरिपात आणि रब्बीत पीक, खतही वेळेवर. दुसरीकडे जुनी, खरिपात जमीन उघडी ठेवायची पद्धत. पहिलीचं उत्पादन सरासरी हेक्टरी पाच टनांच्या आसपास, दुसरीचं एक टनाच्या. धूप पहिल्या तुकड्यात चौथ्या हिश्शावर आली. हे सगळं मी ट्रॅक्टर घेण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. ब्राझीलच्या पराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्यानं धुपीला कंटाळून १९७२ मध्ये न नांगरता सोयाबीन पेरलं, आणि आज तिथलं बहुतेक सोयाबीन तसंच पेरलं जातं. आपलंच पीक. पण त्यांची नक्कल करा असं मी म्हणणार नाही. तिथं नांगराची जागा तणनाशकानं घेतली आहे, आणि तणनाशकाला दाद न देणारं तिथलं बियाणं आपल्याकडे नाही. मी तणनाशक अजून पूर्ण सोडू शकलो नाही. ते मला सलतं. यवतमाळच्या छोटी गुजरीचे सुभाष शर्मा, ज्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, रसायनाशिवाय शेती करतात. त्यांच्या वाटेवर मी पूर्ण गेलेलो नाही, खताची पोती माझ्या घरात आजही आहेत, फक्त माती तपासल्याशिवाय ती फोडत नाही. कुंदा माजलेल्या तुकड्यात मी नांगरही घालतो. नांगर पाप आहे असं माझं म्हणणं नाही. दर वर्षी, सगळीकडे, उताराच्या दिशेनं घातलेल्या नांगराबद्दल मी बोलतो आहे.

गेल्या उन्हाळ्यात मावशींकडे गेलो. म्हणालो, "मावशी, ते ओघळ माह्यामुळं पडली. पाऊस नव्हता त्याले कारण."

"माहीत हाय मले बाबू," त्या म्हणाल्या. "पण तू आला नसता तं पेरलं कोनं असतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यांच्याकडे बैल नाहीत, माणूस नाही, त्यांचं वावर ट्रॅक्टरवाला चालवील तसं चालतं. दोष मावशींच्या माथी मारून मला सुटता येत नाही.

आम्ही दोघांनी मिळून ओघळीत तीन ठिकाणी दगडाचे बांध घातले. यंदा त्यांच्या मागे वीतभर माती साचली आहे. वावर आडवं पेरलं. साठ पावलांवर वळण घेत तीन एकरांना अडीच तास जास्त लागले आणि डिझेल साडेसात लिटर जास्त जळलं. एवढाच तो खर्च होता, ज्याच्यासाठी मी तीन ब्रास माती घालवली.

ज्यांची वावरं मी या पंधरा वर्षांत उभी नांगरली, त्यांना माझं घर माहीत आहे. मृगाच्या आधी निरोप द्या. एक वर्ष आडवं पेरून पाहा. वळणाचं जास्तीचं डिझेल माझं.